सुभेदारांच्या रिव्हॉल्व्हरची धुलाई

शमीम शिकलगारला त्या यंत्राचा राग कधी आला नाही. यायचा तो कंटाळा. राग यायला अंगात थोडी तरी हुशारी लागते, आणि तिची हुशारी सकाळी दुकानाचं शटर वर ढकलेपर्यंतच संपलेली असायची. साताऱ्याच्या जुन्या पेठेतलं हे बंदुकांचं दुकान तिच्या अब्बांचं, त्याआधी आजोबांचं. त्याच्याही आधी दुकान नव्हतंच, नुसती धार लावायची सहाण होती. शिकलगार म्हणजे हत्यारांचा गंज उतरवणारे, धार लावणारे लोक. तलवारी गेल्या, बंदुका आल्या, तरी धंदा तोच राहिला. दुसऱ्याच्या हत्याराची घाण आपल्या हातांनी काढायची. आता हातांचंही काम उरलं नव्हतं. ते यंत्र करायचं, आणि यंत्राच्या करणीबद्दल शिव्या मात्र शमीमला खाव्या लागायच्या.

दिसायला यंत्र अगदी साधं होतं. झाकणाची एक स्टीलची टाकी, आत पाणी आणि पाण्यात साबणासारखं द्रावण. टाकीच्या तळाशी बसवलेल्या चकत्या कानाला ऐकू न येणारा आवाज काढतात. हा आवाज पाण्यातून जाताना पाण्याला क्षणात ताणतो आणि क्षणात दाबतो. ताणलं की पाण्यात अतिसूक्ष्म पोकळ्या, म्हणजे बुडबुडे तयार होतात. दाबलं की ते फुटतात, आणि फुटताना शेजारच्या धातूवर पाण्याची बारीक सुई टोचल्यासारखे आपटतात. जिथे ब्रश पोचत नाही, बोट जात नाही, तिथली काजळीही त्यामुळे सुटून येते. एवढं काम सोनारांकडची आणि चष्मेवाल्यांकडची यंत्रं कितीतरी वर्षं करत होती. त्यात नवल काहीच नव्हतं.

नवल पुढे घडलं. दवाखान्यातल्या दुर्बिणींच्या नळ्या धुणाऱ्या काही संशोधकांच्या लक्षात आलं, की आवाजाची पट्टी उंच असली की बुडबुडे बारीक होतात आणि वरवरचं तेवढं खरवडतात. पट्टी हळूहळू उतरवत नेली की बुडबुडे मोठे होतात आणि खोलवरचं उचकटून काढतात. म्हणजे कांद्याचे पापुद्रे काढावेत तसे घाणीचे थर एकामागून एक सोडवता येतात, नवा आधी आणि जुना नंतर. सुटलेल्या घाणीचं पाणी एका बारीक नळीतून संवेदकापुढून नेलं, की कोणत्या थरात काय होतं ते पडद्यावर उमटतं. दुर्बिणीची नळी काय आणि बंदुकीची नळी काय! प्रत्येक गोळी आपल्या नळीत काजळीचा एक थर ठेवून जाते. गोळी सुटल्यावर आतला तापलेला वायू एकदम थंड होऊन आकसतो आणि तोंडाशी जे असेल त्याचे कण आत ओढून घेतो. तोंड अंगाला टेकलेलं असेल तर रक्त आणि कातडी, कापडाजवळ असेल तर धागे, लांब असेल तर नुसती हवा. फक्त हे वाचन एकदाच होतं. थर सुटून पाण्यात गेला की तो कायमचा गेला.

सरकारला ही गोष्ट आवडली नसती तरच आश्चर्य. राज्यातल्या प्रत्येक परवान्याच्या पिस्तुलाची आणि रिव्हॉल्व्हरची एकदा तरी अशी धुलाई झालीच पाहिजे, असा नियम निघाला. दुकानदारांकडे वर्षानुवर्षं जमा असलेली हत्यारंही त्यात आली. तेव्हापासून शमीमच्या दुकानातलं हसणं-बोलणं बंद झालं. एका माजी सभापतींनी पिस्तूल कपाटाबाहेर काढलंच नसल्याचं लिहून दिलं होतं. यंत्रानं पुतण्याच्या वरातीतले सगळे बार मोजून दाखवले. एका डॉक्टरीणबाईंच्या रिव्हॉल्व्हरमध्ये कुत्र्याचे केस निघाले आणि शेजारच्या घरातला हरवलेला कुत्रा सापडला, म्हणजे सापडण्यासारखा उरला नसल्याचं कळलं. दोन्ही घरांनी शमीमशी बोलणं सोडलं. जणू कुत्रा तिनं मारला होता. ज्यांचे अब्बांशी चहाचे संबंध होते ते आता रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जात. खरं सांगायचं काम कुणालाही थकवतं, आणि इथे तर खरं दुसराच सांगत होता आणि तोंड तिचं दिसत होतं.

अशाच एका दुपारी हौसाकाकी आल्या. हौसाकाकी म्हणजे कैलासवासी सुभेदार गणपतराव निकमांच्या पत्नी. शहराबाहेरच्या निकमवाडीत एकट्या राहायच्या. बाजारच्या दिवशी शमीमसाठी वाघ्या घेवड्याची पिशवी आणायच्या आणि चहा पिऊन जायच्या. अब्बा शेवटच्या आजारात झोपून होते तेव्हा रोज एसटीनं येऊन त्यांच्या उशाशी बसणारी ही एकच बाई. आज हातात पिशवी नव्हती. स्टुलावर बसल्या आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या.

"त्यांचं रिवालवर अजून हाय न्हवं तुझ्याकडं?"

"आहे की. तिजोरीत आहे. पोलिसांनी दिलं तसंच, सीलसकट. आता तेही मशिनीत घालायचंय, काकी. मुदत संपत आली."

"मशिनीत घालायच्या आदी हातानं धुऊन काढ. चांगलं, खसाखसा."

शमीमला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग तिनं समजावलं, की असं करता येत नाही. ताजं तेल दिसलं की यंत्र लाल दिवा लावतं, परवाना जातो, दुकानाला टाळं लागतं. "आणि कशासाठी धुवायचं? सुभेदार हत्यार साफ करताना गेले, सगळ्या तालुक्याला माहीत आहे. मशीन तेच सांगेल."

"न्हाई सांगायची," काकी म्हणाल्या.

सगळ्या तालुक्याला माहीत असलेली गोष्ट अशी होती. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, निकमांच्या घरात हत्यारांची पूजा व्हायची. त्यासाठी ट्रंक उघडून रिव्हॉल्व्हर बाहेर काढून देवापुढे ठेवलं होतं. एकुलत्या एका मुलानं, धैर्यशीलनं, ट्रंकेतली एक गोळी गुपचूप उचलून त्यात घातली, मित्रांना भरलेलं रिव्हॉल्व्हर दाखवून मिरवला, आणि ती काढायची विसरला. तेव्हा तो कॉलेजात होता, अक्कल जेमतेम. दसरा उलटल्यावर सुभेदार ते साफ करायला बसले आणि गोळी सुटली. पोराच्या टवाळकीनं बापाचा जीव घेतला, असं लोक म्हणाले. धैर्यशील स्वतःही तेच म्हणाला, फौजदारासमोर, रडत रडत. त्या गोष्टीला आता दहा-अकरा वर्षं झाली होती.

"त्यांनी सोताच केलं, शमीम," काकी म्हणाल्या. "साफसफाई कसली न् काय. म्या परड्यात हुते. बार ऐकला न् आत आले. जवळ काय म्हंजी काय नव्हतं. ना नळीत फिरवायचा गज, ना चिंध्या, ना तेलाची कुपी. सगळं ट्रंकेत, न् ट्रंकेची किल्ली माझ्या कमरंला. साफ करायचं असतं तर किल्ली मागितली नसती व्हय? वरीसभर झोप न्हवती त्यांना. बर्फात गाडल्याली पोरं सपनात येत्यात म्हणायचं. म्या काय करणार? ट्रंक उघडली, गज काढला, कुपी काढली, चिंध्या काढल्या, न् त्यांच्या कडंला मांडून ठिवल्या. मंग आरडले."

शमीमला फारसं नवल वाटलं नाही. त्या दिवशी अब्बा पोलिसांबरोबर जाऊन आले होते, आणि जेवताना एवढंच बोलले होते, की जन्मभर रंगरुटांना हत्यार आधी खाली करायला शिकवणारा माणूस भरलेलं हत्यार पुसायला बसत नाही. गावातल्या सगळ्या माजी सैनिकांना हे कळलं असणार. सगळ्यांनी मान खाली घालून तोंड मिटलं. सुभेदारानं पाठ दाखवली असं कुणाला म्हणायचं नव्हतं.

"आणि धैर्यशील?" शमीमनं विचारलं.

काकींनी नजर रस्त्याकडे वळवली. बाहेरून विजेची बस गेली.

"त्यो सोताहून बोल्ला," त्या म्हणाल्या. "गोळी म्या घातलीती म्हणून. माझ्या तोंडातनं शब्द फुटंना. फौजदारानं लिहून घेतलं. मला वाटलं, लहान हाय, इसरंल. माणसाचं नाव एकदा गेलं की परत येत न्हाई, पोराचं काय, पोर सावरंल."

"सावरलाय का तो?"

"तुला दिसतंय की."

शमीमला दिसत होतं आणि त्यामुळेच तिला संताप आला. कंटाळ्याच्या खालून आलेला, बऱ्याच दिवसांत न आलेला संताप. या बाईचा घेवडा तिनं वर्षानुवर्षं खाल्ला होता. "मी हातानं धुणार नाही, काकी," ती म्हणाली. "मशीन लावणार. त्या पोराला एकदा कळू दे, की त्यानं बाप मारला नाही."

काकी उठून गेल्या. चहा तसाच राहिला.

दोन दिवसांनी धैर्यशील आला. हत्यार धुताना वारसाची संमती लागते, ती द्यायला. पठारावरच्या पवनचक्क्यांची देखभाल करायचा. उंचावर काम करणाऱ्या माणसाच्या मानानं अंग आखडून चालायचा. लग्न केलं नव्हतं. निकमवाडीला महिन्यातून एकदा जायचा, छपराची कौलं बघायचा, धान्य टाकायचा आणि जेवायच्या आत निघायचा.

"ताई, धुऊन झालं की वितळवायलाच द्या," तो म्हणाला. "मला परवाना नको. ते घरात नको."

"काकींना विचारलंस?"

"आईला काय विचारायचं? मी समोर बसलो की ती माझ्या हातांकडं बघते. बोलत काही नाही. कधीच काही बोलली नाही. एकदा तरी शिव्या द्यायला पाहिजे होत्या." तो ओशाळून हसला. "परवा एक पोरगी सांगून आली होती. तिच्या बापानं विचारलं, वडील कशानं गेले? मी खरं सांगून टाकलं. ते लोक चहा न घेता उठले. बरोबरच आहे त्यांचं."

शमीमच्या जिभेवर शब्द आले होते. तिनं ते गिळले. ते शब्द तिचे नव्हते, एवढंच तिला वाटलं. गुरुवारी दुपारी ये, असं तिनं त्याला सांगितलं. तो गेल्यावर काकींना फोन लावला. "गुरुवारी मशीन लावतेय. धैर्यशीलला बोलावलंय. तुम्ही आधी येऊन त्याला सांगितलंत तर तुमच्या तोंडून कळेल. नाहीतर पडद्यावर वाचेल."

 काकी म्हणाल्या, "येते."

गुरुवारी त्या ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी आल्या. इरकल नेसल्या होत्या, जणू कुणाच्या घरी कार्य होतं. "तू लाव मशीन," त्या म्हणाल्या. "माझ्यानं सोताहून बोलवंना. मशीननं सांगितलं की म्या व्हय म्हनीन. तेवढं जमंल."

शमीमनं सील फोडलं. बत्तीस बोअरचं जुनं रिव्हॉल्व्हर मेणकापडातून बाहेर आलं. मुठीच्या लाकडी पट्ट्या काढल्या, कारण लाकडाला ते पाणी सोसत नाही. गोळ्यांचं चाक वेगळं केलं. नळी जाळीच्या टोपलीत ठेवली, टोपली टाकीत सोडली, झाकण लावलं. यंत्राचा मुख्य आवाज माणसाला ऐकू येत नाही, पण टाकीचा पत्रा थरथरतो आणि एक किणकिण दुकानभर पसरते. काकी देवापुढे बसल्यासारख्या हात जोडून बसल्या होत्या.

आधी पडद्यावर वरचे थर आले. धूळ, मेण, गंज. पोलिसांनी तपासणीसाठी झाडलेली एक गोळी. मग पट्टी उतरली आणि शेवटचा थर सुटायला लागला, तो ज्या गोळीनं सुभेदार गेले तिचा. शमीमनं ओळी वाचल्या. चष्मा काढला, पुसला, परत वाचल्या. तिनं डोळ्यांखालून असली शेकडो वाचनं घातली होती. असं एकही नव्हतं.

"काय म्हणतंय?" काकींनी विचारलं. "सांग. म्या तयार हाय."

शमीमला क्षणभर वाटलं, काकींना हवं तेच सांगावं आणि घरी जावं. पण खोटं बोलायलाही थोडं सुचावं लागतं, आणि तिला काही सुचलं नाही.

"काकी, नळी अंगाला टेकलेली नव्हती. वीतभर तरी लांब होती. आत रक्ताचा कण नाही, कातडी नाही."

"म्हंजी?"

"तोंडाशी सुती धागे आहेत, गोळीबरोबर जळालेले. आणि खोबरेल तेल. हळद. कुंकू." शमीमनं पडद्यावर बोट ठेवलं. "गोळी सुटली तेव्हा हे सगळं नळीच्या तोंडाशी ओलं होतं. काकी, पूजेचं हळदकुंकू होतं ना रिव्हॉल्व्हरवर? ते पुसत होते. खोबरेल लावून. कुंकू तेलानंच निघतं."

हौसाकाकींचे जोडलेले हात सुटले.

"बाटली हुती," त्या म्हणाल्या. आवाज एकदम लहान झाला होता. "खोबरेलाची बाटली हुती त्यांच्या गुडघ्याजवळ. म्या उचलून देवळीत ठिवली. न् पंचा हुता, खांद्यावरचा, त्याची कड जळल्याली. म्या चुलीत घातला. बंदूक साफ करायला कोण खोबरेल घेतंय? लष्करातल्या माणसानं खोबरेल घेतलं तर कुणाला खरं वाटंल? म्हणून तर म्या ट्रंकेतली कुपी आणून ठिवली. शमीम, म्या सोता लावलं हुतं त्ये कुंकू. नळीच्या तोंडाला बोट लावलं हुतं, पहिल्यांदा तिथंच लावत्यात."

सैनिकाच्या घरात तीस वर्षं नांदलेल्या बाईखेरीज ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. साफसफाई म्हणजे गज, कुपी आणि चिंध्या, हे तिला इतकं पक्कं ठाऊक होतं, की समोरची खरी साफसफाई तिला दिसलीच नाही. तिनं खरा पुरावा उचलून चुलीत घातला आणि त्याच्या जागी खोटा मांडला, आणि तो खोटा पुरावा खरं तेच सांगत होता. सुभेदारांचंही असंच झालं असणार. गोळ्या ट्रंकेत, किल्ली बायकोच्या कमरेला. आपल्या घरातलं हत्यार रिकामंच असतं, हे त्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं, की जन्मभर दुसऱ्यांना ओरडून शिकवलेलं त्यांनी त्या दिवशी केलं नाही. जागरणानं शिणलेल्या माणसाच्या अंगठ्याखालून जुना घोडा निसटला असेल. ते मात्र यंत्राला सांगता येत नव्हतं.

"म्हंजी त्ये मला टाकून न्हाई गेलं," काकी म्हणाल्या.

"नाही गेले."

"येवढी वर्सं म्या रोज म्हणत आले, जाताना एक शब्द तरी बोलायचा. भांडलं असतं तरी चाललं असतं. न् त्ये तर नुसतं कुंकू पुसत हुतं!" त्यांना रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही आवरताना पदर तोंडात गेला. शमीमनं या बाईला इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं, तिला ते बघवेना. कारण दुसरी अर्धी गोष्ट काकींना अजून कळायची होती, आणि ती कशी सांगावी हे तिला कळत नव्हतं. सांगावी लागली नाही. काकींचा पदर हळूहळू खाली आला. त्यांचं तोंड उतरत गेलेलं शमीमनं पाहिलं.

"मंग गोळी?" त्या म्हणाल्या. "गोळी तर धैर्याचीच."

शमीमनं मान हलवली.

"त्यांना ठावं नव्हतं आत गोळी हाय म्हणून."

"नसणार."

दारात धैर्यशील उभा होता. विजेच्या गाड्यांना आता आवाज नसतो, त्यामुळे तो कधी आला हे कळलं नाही. हेल्मेट हातात होतं. आईच्या डोळ्यांकडे बघून तो उंबऱ्यातच थबकला. शमीमनं पडदा स्वतःकडे वळवून घेतला. का वळवला, हे तिलाही माहीत नव्हतं.

"झालं का धुऊन?" त्यानं विचारलं. "कुठं सही करायची?"

हौसाकाकी उठल्या. इरकलीचा पदर त्यांनी नीट खोचून घेतला. शमीमला वाटलं, त्या बाहेर निघून जाणार. त्या मुलासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. हेल्मेट खाली पडलं.

"धैर्या, तुज्या बानं सोताच केलं त्ये," त्या म्हणाल्या. "साफ करत नव्हतं. नळी छातीला लावून सोताच केलं. म्या आत आले तवा जवळ काय बी नव्हतं. गज न् कुपी म्या मांडली, ट्रंकेतनं काढून. गावानं नाव ठिवू नये म्हणून."

"काय बोलतीस तू?"

"तुजी गोळी हुती म्हणून ती लागली. नसती तर त्यांनी ट्रंक फोडून दुसरी काढली असती. तुजा काय बी दोष न्हाई. पहिल्या दिवसापास्नं न्हाई."

तो आईकडे बघत राहिला. मग त्यानं शमीमकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या दुकानात किती माणसांनी किती वेळा तेच विचारलं होतं, यंत्र खरंच असं म्हणतं का, आणि तिनं प्रत्येकाला खरं उत्तर दिलं होतं आणि त्याची किंमत मोजली होती.

"ताई, मशीननं हेच सांगितलं?"

"हो," शमीम म्हणाली. "नळी टेकलेली होती. रक्त आत ओढलं गेलंय."

एवढं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

धैर्यशील मटकन स्टुलावर बसला. त्यानं आपले हात उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. त्याच्या खांद्यांतून काहीतरी उतरत गेलं आणि तो माणूस दोघींच्या डोळ्यांदेखत सैल झाला. रडला नाही. काही वेळानं त्यानं मान वर केली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी आलं होतं.

"तुला माहीत होतं," तो आईला म्हणाला. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी फौजदारापुढं रडत होतो तेव्हा तू गप्प होतीस. दरवर्षी दसऱ्याला मी न जेवता घराबाहेर बसून राहिलो, तेव्हाही गप्प होतीस. आई, मी वर चढलो की कितीदा वाटलं दोर सोडून द्यावा. तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं," काकी म्हणाल्या. "पर न्हाई बोलले."

"का?"

त्यावर त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही. त्यांच्याकडे उत्तर होतं. कुठल्याही क्षणी खरं सांगून त्या त्याचा राग उतरवू शकल्या असत्या. त्या नुसत्या उभ्या राहिल्या आणि त्याचा राग पूर्ण होऊ दिला. धैर्यशील उठला. हेल्मेट उचललं. शमीमनं पुढे केलेल्या, हत्यार वितळवायच्या कागदावर त्यानं सही केली, आणि दारातून मागे न बघता म्हणाला, "धान्य पाठवत जाईन. मी येणार नाही."

तो गेला. गल्लीच्या टोकापर्यंत सरळ चालत गेला, अंग न आखडता. शमीमला ते दिसलं आणि काकींनाही दिसलं.

नळी बाहेर काढायला हवी होती. या धुलाईत धातूवरचा तेलाचा शेवटचा थेंबही जातो आणि उघडं लोखंड तासाभरात गंज धरतं. वितळवायला जाणाऱ्या हत्याराला तेल कशाला लावायचं, तरी शमीमनं ते लावलं. मग पडद्यावरचं वाचन पाठवलं. कचेरीच्या कागदांत अपघात होता, यंत्रानंही अपघातच म्हटला होता. हिरवा दिवा लागला. ते आता तिथे कुणीही न उघडता पडून राहणार होतं. कुणी मागितलं नाही तर.

"त्यानं कधी नक्कल मागितली तर, काकी?"

"मागायचा न्हाई. त्याला पायजे हुतं त्ये घावलं." काकी स्टुलावर बसल्या. थकल्या होत्या, आणि थकवा त्यांनी आता लपवला नाही. "बगितलंस न्हवं कसा चालत गेला? असाच चालायचा आदी, कॉलेजात हुता तवा."

"तुमच्यावर रागावून गेला."

"माझ्यावर ऱ्हाऊ दे. सोतावर न्हाई न्हवं." त्यांनी डोळे मिटले. "आता मला त्ये परत सांग. मशीन म्हणालं त्ये."

"सांगितलं की मघाशी."

"परत सांग. हितनं भाईर पडले की मला बी त्येच म्हणायचंय, त्याला सांगितलं त्ये. जन्मभर. हितं तेवढं सांग."

शमीमनं दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. पडदा बंद होता. तिला त्याची गरज नव्हती.

"पुसत होते, काकी," ती म्हणाली. "मांडीवर पंचा घेऊन बसले होते. बोटावर खोबरेल घेतलं होतं. तुम्ही लावलेलं कुंकू होतं ना नळीच्या तोंडाशी, ते पुसत होते."

"आन् मंग?"

"मग काही नाही. झालं असतं पुसून, तर तुम्हाला हाक मारली असती. चहा टाका म्हणाले असते."

यंत्रानं यातलं शेवटचं काही सांगितलं नव्हतं. काकींनी मान डोलावली आणि डोळे न उघडता म्हणाल्या, "परत सांग."